मराठी कादंबरीचे स्वप्रकाशन

लेखकाने आपल्या पुस्तकाची निर्मिती, खर्च, किंमत आणि विक्री यांची जबाबदारी स्वतः स्वीकारून ते प्रसिद्ध करणे, यास स्वप्रकाशन असे म्हणतात. स्वप्रकाशनात लेखक हाच कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक असतो. पुस्तकावरील सर्व हक्क, शिल्लक प्रती, नफा आणि तोटा त्याचाच असतो. मराठीत पहिले पुस्तक या मार्गाने काढण्याची प्रथा जुनी आहे. कवितासंग्रहांच्या बाबतीत ती अधिक रूढ आहे, तर कादंबरीच्या बाबतीत पृष्ठसंख्या मोठी आणि खर्च अधिक असल्याने ती जोखमीची मानली जाते.

प्रकाशनव्यवसायाची केंद्रे पुणे, मुंबई व नागपूर येथे एकवटलेली आहेत. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नवोदित कादंबरीकारासमोर, हस्तलिखित प्रकाशकांकडे पाठवून उत्तराची वाट पाहणे किंवा स्वतः प्रकाशक होणे, असे दोन मार्ग उरतात.

संकल्पना आणि भेद

स्वप्रकाशन आणि लेखकाच्या पैशाने केलेले प्रकाशन या दोन भिन्न गोष्टी असून व्यवहारात त्यांची सर्रास गल्लत होते. दुसऱ्या प्रकारात लेखक ठरावीक रक्कम देतो, त्या बदल्यात प्रकाशनसंस्था आपल्या नावाने पुस्तक काढते आणि लेखकास काही प्रती देते. खर्च लेखकाचा असला तरी पुस्तकाचा प्रकाशक ती संस्था असते. आयएसबीएन क्रमांक तिचा असतो, उरलेल्या प्रती बहुधा तिच्या गोदामात राहतात आणि करारातील मजकुरानुसार पुढील आवृत्तीचा हक्कही तिच्याकडे जाऊ शकतो. हा व्यवहार बेकायदेशीर नाही. मात्र त्यास स्वप्रकाशन म्हणणे चुकीचे आहे. खर्च कोणी केला यापेक्षा हक्क कोणाकडे राहिले, हा या दोहोंतील खरा भेद होय.

तिसरा प्रकार सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचा. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई ही कामे त्या शुल्क घेऊन करतात आणि मागणी येईल तशा प्रती छापून देतात. बंगळूरू येथील पोथी डॉट कॉम आणि चेन्नई येथील नोशन प्रेस या त्यांपैकी परिचित कंपन्या होत. अशा सेवेत हक्क लेखकाकडे राहत असतील, तर तो स्वप्रकाशनाचाच एक प्रकार ठरतो.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात मराठी कादंबरी मुख्यतः मासिके व साप्ताहिके यांच्या आधाराने वाढली. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये क्रमशः आली. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ या पत्रातून येऊ लागली. पुढे १८९० मध्ये आपट्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच वाचकांसमोर आणली. संपादक, लेखक आणि वाचकापर्यंत पोहोचण्याचे साधन एकाच हाती असण्याचे हे मराठीतील ठळक उदाहरण आहे.

साधन दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे काय होते, हे जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या इतिहासावरून दिसते. तो १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला होता. त्याची आरंभीची दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढील छपाई थांबली, संपूर्ण ग्रंथ फुल्यांच्या हयातीत वाचकांपर्यंत गेला नाही.

भांडवल वाचकांकडूनच आगाऊ उभारण्याची पद्धतही विदर्भाला नवीन नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी १९१६ मध्ये नागपूर येथे मर्यादित कंपनी स्थापन करून भागधारक व वर्गणीदार जमवले होते. ज्ञानकोशाच्या तुलनेत एक कादंबरी म्हणजे अगदीच लहान व्यवहार; तरीही आजच्या ‘प्रकाशनपूर्व सवलत’ योजनेमागील विचार तोच आहे. कधी एक लेखक दुसऱ्यासाठी खर्च करतो: कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२ मध्ये वि. स. खांडेकर यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केला.

संहिता, बोली आणि मुद्रितशोधन

प्रकाशनसंस्थेत संपादक आणि मुद्रितशोधक असतात. स्वप्रकाशनात ही दोन माणसे लेखकाला शोधावी लागतात, आणि खर्च कमी करताना बहुतेक वेळा कात्री याच कामांना लागते. संपादन आणि मुद्रितशोधन ही एकच गोष्ट नव्हे. संपादक कथानकातील विसंगती, पात्रांच्या वयातील घोळ, लांबलेली प्रकरणे यांकडे लक्ष वेधतो. मुद्रितशोधक शब्द, विरामचिन्हे आणि जुळणीतील चुका पाहतो. लेखकाने स्वतःच मुद्रिते तपासली, तर डोळ्यांना छापलेला शब्द न दिसता मनातला शब्द दिसतो. म्हणून निदान दुसरे मुद्रित परक्या नजरेखालून जाणे इष्ट असते.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनविषयक नियम ठरवले व १९७२ मध्ये त्यांत भर घातली. आज प्रमाणलेखन त्यांनुसार केले जाते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे वर्णमाला व अक्षरांची रूपे प्रमाणित केली होती. हे नियम प्रमाण मराठीसाठी आहेत. बोलण्यातील ‘असं केलं’ ही रूपे संवादात जशीच्या तशी अनुस्वार देऊन लिहिण्याची मोकळीक नियमांतच दिलेली आहे. बोलीच्या बाबतीत मात्र लेखकालाच दक्ष राहावे लागते.

घाटंजीच्या परिसरात वऱ्हाडी बोलली जाते. यवतमाळ जिल्ह्यात बंजारा, कोलामी आणि गोंडी या भाषाही आहेत. वऱ्हाडीतील ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायला’ ही रूपे त्या बोलीच्या व्याकरणाचा भाग होत. बोलीशी परिचय नसलेला मुद्रितशोधक त्यांना चूक समजून ‘मला’, ‘तुला’, ‘करतो आहे’ असे करतो. संगणकावरील शुद्धलेखन तपासनीसही तेच करतो. असे बदल अर्धवट झाले, तर एकच पात्र एका पानावर वऱ्हाडी आणि दुसऱ्या पानावर पुणेरी बोलू लागते. यावर उपाय म्हणून लेखक मुद्रितशोधकास आरंभीच एक शब्दसूची देतो. तीत बोलीतील रूपे, स्थानिक आडनावे, गावांची नावे, पिके व अवजारे यांचे शब्द आणि त्यांचे ठरवलेले लेखन नोंदलेले असते. उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोली मराठी कादंबरीत समर्थपणे आणली असल्याने, बोली वाचकांना कळणार नाही ही सबब आता फारशी टिकत नाही.

अक्षरजुळणी आणि छपाई

हस्तलिखिताची संगणकीय प्रत युनिकोडमध्ये असणे सोयीचे असते. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत केलेली जुळणी तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटते. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका शिरतात, त्यामुळे रूपांतरानंतर पुन्हा संपूर्ण वाचन करावे लागते. ई-पुस्तकासाठी युनिकोड अपरिहार्य आहे.

मराठी कादंबरी सामान्यतः डेमी आकारात छापली जाते. छपाईत मोठ्या कागदाची घडी घालून पाने तयार होतात आणि पुस्तकाचा हिशेब सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होतो. २०० पानांच्या संहितेला साडेबारा फॉर्म लागतात. २०८ पानांत तेरा फॉर्म पूर्ण होतात. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका आणि मनोगत यांची जागा या हिशेबातच धरली जाते. ऑफसेट छपाईत प्लेट व यंत्राच्या तयारीचा खर्च एकदाच येत असल्यामुळे प्रती वाढतील तसा प्रतीमागचा खर्च उतरतो. डिजिटल छपाईत तो जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून अगदी थोड्या प्रतींसाठी ती परवडते. पहिल्या कादंबरीसाठी हजार प्रतींचा मोह टाळलेला बरा, कारण स्वस्तात छापलेली न विकलेली प्रत शेवटी महागच पडते.

हक्क व कायदेशीर बाबी

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कादंबरी लिहिली जाताच तिचा प्रताधिकार लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी केल्यास वादप्रसंगी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा अधिकार टिकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी व स्वाक्षरीचा करार आवश्यक असतो. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता समजला जातो. सेवा कंपनीच्या छापील करारावर सही करण्यापूर्वी ही दोन कलमे, तसेच अनुवाद, श्राव्य पुस्तक व चित्रपट यांचे हक्क कोठे जातात, हे पाहणे अगत्याचे असते.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था, नवी दिल्ली, ही विनामूल्य देते. लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. हा क्रमांक २००७ पासून तेरा अंकी असून भारतातील क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. छापील आणि ई-पुस्तक या रूपांना वेगवेगळे क्रमांक लागतात. क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळख. त्यावरून गुणवत्ता सिद्ध होत नाही किंवा प्रताधिकारही मिळत नाही.

ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४ प्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावयाची असते. कसूर केल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत इतकीच शिक्षा असल्याने हे कलम पुष्कळांना ठाऊकही नसते. परंतु चार प्रती पाठवल्याने कादंबरीची कायम नोंद होते, आणि लेखकाच्या घरातील गठ्ठे वाळवीने खाल्ले तरी पुस्तक उरते.

बदनामीचा प्रश्न छोट्या गावात अधिक नाजूक होतो. तालुक्याच्या गावी बाजार समिती, शाळा, पतसंस्था यांतील माणसे एकमेकांना ओळखतात, आणि नाव बदलले तरी पात्र ओळखू येते. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ संपूर्ण संरक्षण देत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची तरतूद असून स्वप्रकाशनात लेखक व प्रकाशक या दोन्ही नात्यांनी जबाबदारी एकाच व्यक्तीवर येते.

किंमत आणि हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तीनशे प्रतींच्या कागद, छपाई व बांधणीस प्रतीमागे ९० रुपये, म्हणजे २७,००० रुपये लागले; संपादन, मुद्रितशोधन, जुळणी आणि मुखपृष्ठ यांवर ३३,००० रुपये गेले. एकूण खर्च ६०,००० रुपये झाला. छापील किंमत २५० रुपये ठेवली आणि प्रती थेट वाचकांना पूर्ण किमतीस विकल्या, तर २४० प्रतींत भांडवल परत येते. त्याच प्रती ४० टक्के सूट देऊन विक्रेत्यांमार्फत विकल्या, तर प्रतीमागे १५० रुपये हाती येतात. तीनशेच्या तीनशे प्रती खपल्या तरी ४५,००० रुपयेच जमतात आणि १५,००० रुपयांचा तोटा होतो. भेटप्रती, अभिप्रायार्थ पाठवलेल्या प्रती आणि प्रकाशन समारंभाचा चहा-नाश्ता यांत धरलेला नाही.

नवोदितांचा हिशेब बहुधा येथेच चुकतो. छपाईखर्च हाच एकूण खर्च समजून किंमत ठरवली जाते, आणि विक्रेत्याची सूट नंतर आठवते. पुस्तके ठेवून घेणारे विक्रेते रक्कम विक्रीनंतर देतात. म्हणून दिलेल्या प्रतींची पावती आणि परतीची मुदत लेखी असणे आवश्यक ठरते. छापील पुस्तकांच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही.

वितरण

छपाई काही आठवड्यांत उरकते, वितरणास वर्षे लागतात. घाटंजीहून पुस्तक पाठवण्याचे सर्वांत विश्वासाचे साधन टपाल हेच आहे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठी सवलतीची सेवा सुरू केली. तिचा आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये असून करआकारणी वेगळी आहे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशक यांचे नाव छापलेले असणे ही तिची एक अट आहे. पाकिटासह वजन ३०० ग्रॅमच्या वर गेले तर पुढचा दर लागतो, त्यामुळे कागदाची जाडी ठरवतानाच वजनकाटा आठवलेला चांगला.

ऑनलाइन विक्रीसाठी पुण्याचे बुकगंगा हे संकेतस्थळ मराठी वाचकांत परिचित आहे. अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तके २०१६ पासून प्रसिद्ध करता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके विनामूल्य वाचकांपर्यंत पोहोचवते. तेथे पैसे मिळत नाहीत, वाचक मिळतात. प्रतिलिपीवर कादंबरी प्रकरणाप्रकरणाने देता येते. वाचक पुढील भागाची वाट पाहतात की नाही, हे तेथे छपाईआधीच कळते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांचे जाळे गावोगाव आहे. ग्रंथालय संचालनालय दर वर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी करते. तीत समावेश होण्यासाठी विहित मुदतीत पुस्तकाची प्रत व अर्ज सादर करावा लागतो. प्रकाशकाच्या कार्यालयात हे काम ठरून गेलेले असते. एकट्या लेखकाकडून ती मुदत सहज चुकते.

साहाय्य व पुरस्कार

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना राबवते. त्यासाठी हस्तलिखित छापण्यापूर्वीच सादर करावे लागते, म्हणून या योजनेची चौकशी छापखान्याच्या पायरीआधी होणे श्रेयस्कर. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा स्वतंत्र गट असून त्यातील कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने दिला जातो. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून कार्यरत आहे. यवतमाळ येथे १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. अशा संमेलनांच्या ग्रंथप्रदर्शनात एखादा गाळा दोन-तीन लेखक मिळून घेतात, भाडे वाटून देतात आणि आळीपाळीने गाळ्यावर बसतात.