दुष्काळात पाणी जपताना मूत्रपिंडही जपा

पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड किंवा संगमनेरच्या पठारावरच्या वाचकांना टँकर म्हणजे काय हे सांगायला नको. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलोवर दिवस काढल्याचे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. २०१८-१९ च्या दुष्काळात रेशनचे धान्य मिळत होते, जनावरे चारा छावणीत होती. खरी ओढाताण पाण्याची होती. अशा वेळी मूत्रपिंडावर, म्हणजे किडनीवर, नकळत ताण येतो.

टँकरचे पाणी माणशी मोजून येते. त्यातच स्वयंपाक, भांडी, अंघोळ. मग घरातले कोणी तरी पिण्याच्या पाण्यात काटकसर करते, आणि बहुधा ती आजी किंवा सून असते. उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे आजी 'मला नको' म्हणते ते खरेच असते, पण शरीराला पाणी हवेच असते. शेतात किंवा रोजगार हमीच्या कामावर आडोसा नसतो म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात. असे करू नका. काटकसर करायचीच तर धुण्याभांड्यात करा.

पाणी पुरते की नाही, हे लघवीवरून कळते. ती फिकट पिवळी असावी. गडद झाली, जळजळ होऊ लागली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर शरीर कोरडे पडते आहे. हेच रोज घडत राहिले की मुतखड्याचा धोका वाढतो. कमरेतून जांघेकडे येणारी कळ आणि सोबत थंडी-ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सर्वांत महत्त्वाचे. उन्हात काम करून अंग दुखते आणि दुकानातून गोळी आणली जाते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. भरपूर पाणी पिणाऱ्या तरुणाला एखादी गोळी सहसा बाधत नाही. पण कोरड्या पडलेल्या शरीरात, त्यातून रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, किडनी अचानक काम थांबवू शकते. या काळात विचारल्याशिवाय वेदनाशामक घेऊ नका. इंजेक्शनचा आग्रहही धरू नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की काही दिवस थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

टँकरच्या पाण्यात क्लोरीन घातले आहे का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला जरूर विचारा. घरी पाणी गाळून उकळा, किंवा मेडिक्लोर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबा. खोल बोअरच्या पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड मात्र उकळून जात नाहीत. त्यासाठी पाण्याची तपासणीच करून घ्यावी लागते.

जुलाब झाल्यास ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि २४ तासांत संपवा. पाणी कमी आहे म्हणून अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका; क्षार जास्त झाले तर लहान मुलांना ते घातक ठरते. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर उन्हाळ्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून ते पुन्हा ठरवून घ्या.