मूळ कागद, कच्ची प्रतिमा आणि भिंगाची दुरुस्ती

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांशी सातारा व सांगली या जिल्ह्यांचा असलेला संबंध सुपरिचित आहे. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध करण्यास वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस इ. स. १८९७ मध्ये आरंभ केला. वाईस मिळालेल्या कागदांवरून वि. का. राजवाडे यांनी साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यास जमविलेला संग्रह १९३९ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. अशा कागदांचे वाचन आज पुष्कळदा डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रावरून होते. तेव्हा त्या छायाचित्रात कागद किती आणि कॅमेऱ्याचे संस्करण किती, हा प्रश्न अभ्यासकास टाळता येण्यासारखा नाही.

मोडी पत्राचे छापील बाळबोध रूप हे मुळात एक वाचनच होय. मोडीत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घभेद दाखविला जात नाही. लिप्यंतरकार तो संदर्भावरून भरतो. हे अनुमान बहुधा योग्य असते. परंतु ते अनुमानच असल्यामुळे त्याची तपासणी मूळ कागदावरच व्हावयास हवी. केवळ छापील प्रतीवरून अठराव्या शतकातील उच्चाराविषयी सिद्धांत मांडणारा भाषाभ्यासक कित्येकदा संपादकाचेच लेखन तपासत असतो.

कॅमेऱ्यातील संवेदकाची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्या बिंदूंवर हिरवी, एक चतुर्थांशावर तांबडी व तितक्याच बिंदूंवर निळी. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून भरून काढावे लागतात. ‘रॉ’ फाइलीत सामान्यतः या अनुमानापूर्वीचे आकडे असतात. ते १२ बिटांचे असल्यास ४,०९६ आणि १४ बिटांचे असल्यास १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात आणि रंगाचा व उजळपणाचा निर्णय आधीच झालेला असतो. तथापि ‘रॉ’ म्हणजे सर्वस्वी अस्पर्श असे समजू नये. काही कॅमेरे आकडे नोंदविण्यापूर्वीच त्यांचा काही अंश गाळतात.

भिंगाच्या दुरुस्तीचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. भिंगामुळे सरळ रेषा कडेकडे बाकदार होते. मध्यापासून १५ सेंटिमीटरांवरील खूण दोन टक्के विकृतीने तीन मिलिमीटर सरकते. रॉ फाइलीतील आकड्यांना सहसा हात न लावता दुरुस्तीचे गुणांक त्यांच्याजवळ स्वतंत्रपणे नोंदविण्याची पद्धती पुढे रूढ झाली. २००८ साली आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत भिंगच हे गुणांक कॅमेऱ्यास पुरविते. अडोबीने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या डीएनजी या स्वरूपात अशा सूचनांची सोय २००९ साली झाली. परिणामी पुष्कळ संगणकप्रणाली दुरुस्त केलेलेच चित्र दाखवितात आणि पाहणाऱ्यास त्याची जाणीवही होत नाही.

ही दुरुस्ती फुकट होत नाही. कडेचे बिंदू ताणले जाऊन नवे बिंदू अनुमानाने भरले जातात. अंधारलेले कोपरे उजळताना तेथील कणीदारपणाही वाढतो. समासातील फिकट खूण शाईची की या कणीदारपणाची, हे मग सांगणे कठीण होते.

मोडीच्या अभ्यासात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. मोडी लिहिणारा प्रथम ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहितो. छायाचित्रात ही रेघ वाकलेली दिसल्यास तो बाक लेखकाच्या हाताचा, कागदाच्या सुरकुतीचा की भिंगाचा, हे ठरवावे लागते. भिंगाच्या मोजमापावरून केलेली दुरुस्ती फक्त भिंगाचा दोष काढते. ओळ सरळ असावी अशी अपेक्षा ती बाळगीत नाही. उलट, ओळी सरळ असणारच असे गृहीत धरून पान सपाट करणारी प्रणाली लेखकाच्या हाताचा बाकही पुसून टाकते. पहिली दुरुस्ती साधनाच्या ज्ञानावर आधारलेली आहे, दुसरी मजकुराविषयीच्या अपेक्षेवर. संपादनशास्त्रात या दोहोंची गल्लत कोणी खपवून घेणार नाही; छायाचित्रातही ती खपवून घेण्याचे कारण नाही.

म्हणून दप्तराचे छायाचित्रण करताना रॉ फाइल, कॅमेरा व भिंग यांची नोंद आणि वापरलेल्या दुरुस्त्या ही तिन्ही एकत्र जतन करावीत, चौकटीत मोजपट्टी ठेवावी आणि दुरुस्त प्रत मूळ फाइलीच्या जागी कधीही साठवू नये. मिरज, वाई व सातारा येथील संपादकांचे वाचन आज तपासता येते ते जेथे मूळ कागद राहिले तेथेच. आजच्या छायाचित्रांवर उभारलेल्या संशोधनाचीही पुढील पिढीला अशीच तपासणी करावी लागेल.