ग्रेन, ड्रॅम आणि गोळीचे वजन

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. संधिवातासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी औषधाची पुडी खिशात टाकता टाकता पिशवीतून पितळेचे एक लहान नळकांडे काढले आणि टेबलावर ठेवले. त्यातला दांडा आत-बाहेर सरकत होता. दांड्यावर आकडे कोरलेले होते आणि त्यांच्या शेवटी ‘ड्रॅम’ हा शब्द. “डॉक्टरसाहेब, पणजोबांच्या पेटीत सापडले. तुमच्याच धंद्यातले दिसते, ठेवून घ्या.”

मलाही ते तसेच वाटले. होमिओपॅथीच्या दवाखान्यात ग्रेन आणि ड्रॅम यांचे राज्य अजून संपलेले नाही. साखरेच्या गोळ्यांच्या बाटल्या आम्ही आजही एक ड्रॅम, दोन ड्रॅम अशाच मागवतो. एक ग्रेन औषध नव्याण्णव ग्रेन दुग्धशर्करेत खलावे, हा तर आमचा पहिला धडा. पुढच्या खेपेस त्या गृहस्थांनी त्याच पेटीतला चिमट्यासारखा एक लोखंडी साचा आणला, तेव्हा उलगडा झाला. साचा शिशाची गोळी ओतण्याचा होता आणि माप बंदुकीच्या दारूचे. गोळ्यांचाच व्यवहार, पण वेगळ्या गोळ्यांचा!

मी जन्माने जैन. दिवेलागणीनंतर आमच्या घरी चूल पेटत नाही. शिकारीच्या गोळीवर व्याख्यान देणार म्हणताच घरात हशा झाला, आणि तो रास्तच होता. पण मंडळी, आपल्यापैकी किती तरी घरांच्या भिंतींवर अजून सांबराची शिंगे आहेत, एखाद्या दिवाणखान्यात वाघाचे मुंडकेही असेल. ते जनावर कोणत्या हिशेबाने पडले, हे विचारायला हरकत नसावी.

आधी मापाचा घोळ सांगतो, कारण त्यात मी स्वतः फसलो. औषधविक्याचा ड्रॅम साठ ग्रेनचा. बंदूकवाल्याचा ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, सुमारे सव्वासत्तावीस ग्रेन. ग्रेन मात्र दोघांचा एकच, पौंडात 7000. सर सॅम्युएल बेकर हा इंग्रज शिकारी लिहितो की, 1840 मध्ये ब्रिस्टलच्या गिब्ज यांच्याकडून आपण जी रायफल करवून घेतली, तिच्यात सोळा ड्रॅम दारू भरत असू. मी आमच्या ड्रॅमने हिशेब केला तो 960 ग्रेन आला, आणि हा मनुष्य जिवंत कसा राहिला याचे नवल करीत बसलो. बंदूकवाल्याच्या मापाने ती दारू एक औंस, म्हणजे साडेचारशे ग्रेनच्याही आत. तरीही काही कमी नव्हे. गोल गोळी तीन औंसांची आणि दारू तिच्या बरोबर एक तृतीयांश. बंदुकीचे वजन एकवीस पौंड, आपल्या साडेनऊ किलोंच्या घरात. श्रीलंकेच्या रानात हत्तीपुढे तो हे धूड घेऊन उभा राहत असे.

त्या काळी प्रत्येक शिकारी आपल्या बाराचा स्वतःच वैद्य होता. ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची; जनावर बदलले की मात्रा बदलायची. बोअरचा आकडाही वजनाचाच असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पडल्या तर ती बारा बोअर, चारच पडल्या तर चार बोअर. म्हणून आकडा लहान तितकी गोळी मोठी. शिसे मऊ, हत्तीच्या कवटीवर ते चपटे होते. त्यासाठी बेकर नऊ भाग शिशात एक भाग पारा मिसळी. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे प्लंबम आणि मर्क्युरियसच्या बाटल्याच आल्या. आमच्या मटेरिया मेडिकात ‘गनपावडर’ नावाचेही औषध आहे आणि ते चिघळलेल्या जखमांवर देतात, हे जाता जाता सांगून टाकतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे नाव पचमढीला गेलेल्यांच्या कानावरून गेले असेल. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्याच वर्षी हा तरुण अधिकारी सातपुड्यात, पचमढीच्या पठारावर पोहोचला. पुढे तो निमाडचा जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला, म्हणजे इंदूरहून घाट उतरले की लागतो त्याच टापूतला. 1871 मध्ये, वयाची पस्तिशीही न गाठता तो वारला. त्याच वर्षी मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्याआधी 1863 मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक लहान पुस्तक लिहिले होते. माझ्या मते त्याची खरी बुद्धी तिथे दिसते.

तेव्हा युरोपात लांबट, टोकदार गोळीची चलती होती. ती जड, दूरवर जाणारी, फौजेला सोयीची. फॉर्सिथचे म्हणणे असे की, आपल्या रानात जनावर हजार यार्डांवर दिसतच नाही. साग, बांबू आणि करवंदीच्या जाळीत ते शंभर-दीडशे यार्डांच्या आतच दिसते, आणि तेही क्षणभर. जड गोळी सावकाश जाते, वाटेत खाली झुकते. अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला तर ती काळजाऐवजी पायाला लागते. म्हणून गोल गोळी घ्यावी, दारू भरपूर घालावी आणि तिला सरळ, वेगाने जाऊ द्यावे. अडचण एकच होती. नळीतल्या पेचांचा पीळ घट्ट असला आणि दारू जास्त झाली, तर गोल गोळी पेच सोडून घसरते आणि भलतीकडे जाते. फॉर्सिथने त्यावर उपाय सांगितला तो पीळ अगदी सैल करण्याचा. गोळीने साडेआठ फुटांहून अधिक अंतरात एक गिरकी घ्यावी इतका सैल. दोन फुटांच्या नळीत गोळी जेमतेम पाव वळसा घेते! जुन्या धर्तीच्या बंदुका घडवणारे कारागीर आजही या पद्धतीला त्याच्याच नावाने ओळखतात.

गोळी लागली, जनावर पडले, एवढ्यावर शिकाऱ्याचा हिशेब संपत असेल. फॉर्सिथचा हिशेब लागूनही न पडलेल्या जनावरापाशी सुरू होतो. तो मला इतक्या जवळचा वाटला तो याच कारणाने. वैद्यकातही नेमकी मात्रा सुटली की रोग जात नाही, नुसता बिथरतो.

मात्र एका ठिकाणी तो मला पटत नाही. लहान गोळीला मोठे काम करायला लावावे म्हणून तो तिच्या पोटात स्फोटक भरण्याच्या बाजूचा होता. 1868 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपातल्या सत्तांनी ठराव केला की, 400 ग्रॅमखालच्या स्फोटक गोळ्या आपसांतल्या युद्धात माणसावर झाडायच्या नाहीत. 1899 च्या हेग परिषदेत शरीरात फुलणाऱ्या गोळ्याही निषिद्ध ठरल्या. त्यांना कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याचे नाव पडले होते. रानात मात्र दोन्ही चालत राहिल्या. एक जैन म्हणून हे वाचताना राग आला. वैद्य म्हणून नंतर कबूल करावे लागले की, फुलणारी मऊ टोकाची गोळी नीट लागली तर जनावर लवकर मरते. आरपार गेलेली कठीण गोळी लागलेले जनावर मैलभर पळून चार दिवसांनी मरते. या दोन विचारांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पुढच्या पिढीने वेगाचा अतिरेक केला. ‘एक्सप्रेस’ रायफली आल्या. नाव आगगाडीवरूनच पडले. गोळी हलकी, टोकाला पोकळ, दारू भरमसाट. हरणाला ठीक. वाघाच्या खांद्याच्या हाडावर मात्र ती गोळी वरच्यावर फुटून विखुरते, आणि चिडलेला वाघ तसाच अंगावर येतो. म्हातारपणी बेकर मध्य प्रांतात शिकारीला आला होता. 1890 च्या आपल्या पुस्तकात त्याने या पोकळ गोळ्यांवर चांगलेच कोरडे ओढले आहेत. वाघासाठी त्याची शिफारस .577 ची रायफल, 648 ग्रेनची भरीव, निव्वळ मऊ शिशाची गोळी आणि सहा ड्रॅम दारू अशी होती. ती आत फुलते आणि पलीकडच्या कातड्याशी अडकून राहते. म्हणजे तिचे सगळे बळ जनावराच्या अंगातच खर्च होते. गोळीचे वजन, तिचा मऊपणा आणि दारू या तिन्हींचा एकत्र विचार मला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

मग धूर न करणारी कॉर्डाईट आली आणि घरी बार भरण्याची कला हळूहळू मागे पडली. 1898 च्या रिग्बी यांच्या .450 मध्ये 70 ग्रेन कॉर्डाईट 480 ग्रेनची गोळी सेकंदाला 2150 फूट वेगाने फेकू लागली. आपल्याकडच्या वैशाखात ही कॉर्डाईट तापून बेफाम होई, म्हणून उष्ण मुलखासाठी थोडी कमी भरलेली काडतुसे वेगळी येत. आणि 1907 मध्ये सरकारने .450 ची आयातच बंद केली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा व्यास तोच होता, आणि तसली काडतुसे बंडखोरांच्या हाती जातील ही धास्ती. बंदूकवाल्यांनी मग .465, .470 असे शेजारचे आकडे काढले. वाघाला कितीची गोळी लागावी, हे शेवटी सरकारच्या भीतीने ठरले.

त्याच 1907 मध्ये कुमाऊंत जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर 436 माणसे होती. तिचा जबडा उघडून पाहिला तेव्हा उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले निघाले. एक अर्धा, दुसरा मुळापर्यंत. कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने. ती गोळी किती ग्रेनची होती आणि मागे दारू किती होती, याची नोंद कुठे असणार? ज्याने झाडली त्याने बहुधा ‘हुकली’ म्हणून सोडून दिले असेल.

1970 मध्ये वाघाची शिकार बंद झाली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हा सगळा हिशेब कागदावर उरला.

त्या वृद्ध गृहस्थांना मी एकदा विचारले, पणजोबांच्या शिकारीचे काही आठवते का? म्हणाले, “वाघ किती मारले ते ठाऊक नाही. एकदा हाक्यात जखमी वाघ मागे उलटला आणि एका भिलाचा उजवा हात कोपरापासून गेला, एवढे घरात सांगत. त्याच्या घरी दर दिवाळीला जहागिरीतून चार पायली ज्वारी जायची. जहागिरी गेली, ज्वारीही थांबली.” माप त्यांनी परत मागितले नाही. ते माझ्या कपाटात आहे. दांडा साडेतीनच्या आकड्यावर गंजून बसला आहे, आता सरकत नाही.