सोयाबीनच्या गाठीत कुणाचा शब्द चालतो?

धामणगाव बढेच्या शिवारात पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो. पुढे झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडतो. आत गुलाबी दिसली की समजायचं, हवेतलं नत्र मिळतंय. गाठीत जिवाणू असतात हे १८८०च्या दशकातच कळलं होतं. पण झाड त्यांना घरात घेतं कसं? त्याचा एक धागा भलत्याच जिवाणूत सापडला.

१९८४ साली अमेरिकेत मासायोरी इनौये यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलायमध्ये डीएनएच्या एका छोट्या तुकड्याच्या जादा प्रती घातल्या. त्यातून प्रथिन बनत नव्हतं, तरी जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं ओम्पएफ हे प्रथिन बनायचं थांबलं! तुकड्यातून निघत होता एक छोटा आरएनए, मिकएफ. तो ओम्पएफच्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि संदेश वाचलाच जात नाही. तोवर जनुकांवर लगाम म्हटलं की प्रथिनंच डोळ्यांपुढे यायची. २००१मध्ये तीन गटांनी ई. कोलायमध्येच असे कितीतरी छोटे आरएनए शोधले.

आणि २०१९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आपलं सोयाबीन आलं. रायझोबियमच्या टीआरएनएचे तुटके तुकडे झाडाचीच यंत्रणा वापरून झाडाचीच जनुकं दाबतात. गाठींना आवर घालणारी जनुकं. तुकडे अडवले तर गाठी घटल्या. ती जनुकं मोडली तर वाढल्या.

यावरून जास्त गाठींचं वाण उद्या दुकानात येईल, असं मात्र आम्ही सांगणार नाही. गाठी पोसायला झाडाला साखर द्यावी लागते, आणि शेंगाही त्याच साखरेवर भरतात.