दहा बहिणींचे पांढरे पीस

पिंजऱ्यातल्या तपकिरी फिंचच्या अंगावर अवचित एखादे पांढरे पीस उगवले की पाळणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. पक्षी आजारी तर नाही? की एखादा नवा वाण हाती लागला? या शंकांचा इतिहास 'बेंगालीज फिंच' या पक्ष्यात उत्तम दिसतो. आजचा धागा त्याच्यावर.

नावच मुळी फसवे. या पक्ष्याचा उगम बंगालमधला नव्हे. त्याचा रानटी पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मनोली. ही मनोली आपल्या सह्याद्रीतही आढळते. पाळीव वंश मात्र चीनमधल्या उपजातीपासून निघाला. १८व्या शतकात हे पक्षी चीनमधून जपानला गेले. तेथे त्यांना 'जूशिमात्सु' म्हणतात, आणि हे नाव ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ 'दहा बहिणी'. थव्याने, फारसे न भांडता राहणाऱ्या पक्ष्याला ते शोभतेही.

जपानी पाळणाऱ्यांना त्यांचे मोल वाटे ते दाईपणासाठी. इतर पक्ष्यांची अंडी उबवून पिल्ले वाढवण्यात हे पक्षी तरबेज. म्हणजे निवड होत होती ती स्वभावाची. तरीही १९व्या शतकात पांढरे ठिपके असलेले आणि पुढे पूर्ण पांढरे वाण रूढ झाले. एदो काळातल्या नागर समाजाला अशा वैचित्र्याचे वेडच होते. रंगीबेरंगी उंदरांची पैदास कशी करावी, हे सांगणारी पुस्तिका १७८७ मध्ये क्योतोत छापली गेली होती! मेंडेलचा निबंध प्रसिद्ध झाला १८६६ मध्ये. आनुवंशिकतेचा सिद्धांत ठाऊक नसताना तिचा व्यवहार लोकांना चांगलाच अवगत होता.

आता कारणांकडे. पिसाला काळा-तपकिरी रंग देणाऱ्या पेशी गर्भातील मज्जारज्जूच्या कडेला जन्मतात आणि तेथून त्वचेपर्यंत प्रवास करतात. हा प्रवास जनुकीय दोषामुळे अपुरा राहिला, तर त्या जागेची पिसे पांढरी उगवतात. 'दहा बहिणीं'चे ठिपके या प्रकारातले. पेशी जागेवर असूनही रंगद्रव्य तयारच होत नसेल, तर तो अल्बिनो. त्याचे डोळे लालसर दिसतात. पण वंशाशी संबंध नसलेली कारणेही आहेत. पिसाच्या मुळाला इजा झाली, तर तेवढ्याच जागी पांढरे पीस येऊ शकते. वाढत्या वयानेही रंग जातो. आहाराचाही परिणाम होतो: आहारात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडल्यास टर्कीच्या काळपट पिल्लांच्या पंखांवर पांढरे पट्टे उमटतात, हे २०व्या शतकातल्या प्रयोगांनी दाखवले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे मौज वाटते. कारणे भिन्न, खूण एकच. आणि खूण पाहून कारण ठरवण्याची घाई आपल्यालाही नेहमीच होते.

अशीच एक मोठी अटकळ २०१४ मध्ये मांडली गेली. भीतीच्या प्रसंगी संप्रेरके सोडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा आणि रंगपेशी या दोहोंचा उगम गर्भातल्या एकाच पेशीसमूहात आहे. मग माणसाने शांत प्राणी निवडले, की पांढरे ठिपके आपोआप मागून येत असतील काय? सायबेरियात १९५९ पासून चाललेल्या कोल्ह्यांच्या प्रयोगाचा आधार या मताला दिला जातो. कल्पना मोहक आहे. मात्र ते कोल्हे मुळात फर-शेतीतून आणलेले, म्हणजे आधीच काही पिढ्या माणसाने पैदास केलेले होते, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. शिवाय एदोच्या पाळणाऱ्यांना पांढरा रंग आवडत होता. आवडलेले जपले गेले, हे साधे उत्तर आधी तपासायला हवे.

एका पक्ष्यापुरता निवाडा त्याहून सोपा आहे. पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. ते उगवत असताना शरीराची जी स्थिती होती, तीच त्यात नोंदलेली राहते. म्हणून आहार सुधारावा आणि पुढच्या पीसगळतीची वाट पाहावी. नवे पीस तपकिरी आले, तर दोष बहुधा दाण्यापाण्याचा. ठिपका पिल्लूपणापासून असेल आणि पुन्हा तेथेच पांढरे उगवले, तर आईबापांची पिसे पाहावीत.