किरारीचा खांब आणि आमची मुले

नोकरीनिमित्त भिलाईस येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींची मुले शिवनेरी व रायगड घरीच ऐकून जाणतात; परंतु ज्या भूमीवर ती वाढतात, तिचा इतिहास त्यांस अपरिचितच राहतो. वास्तविक पावर हाउस स्थानकावरून आगगाडीने तासाभरात रायपूर गाठता येते. तेथील महंत घासीदास स्मारक संग्रहालय राजनांदगावचे महंत घासीदास यांनी १८७५ साली स्थापन केले. त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा ठिकाणी शाळांच्या सहली जातात खऱ्या; परंतु पुष्कळदा मुले रांगेने दालने ओलांडतात, फलकांवरील सनावळ्या वहीत उतरवितात आणि परततात. पाहणे तेवढे राहून जाते.

पाहण्याचे मोल काय, हे या संग्रहालयातील एक जीर्ण लाकडी खांब सांगतो. १९२१ च्या उन्हाळ्यात तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचे हिराबंध तळे आटले आणि गाळात हा खांब सापडला. त्यावर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. शतकानुशतके पाण्याने व गाळाने राखलेले ते लाकूड उन्हात वाळताच सोलवटू लागले आणि बरीचशी अक्षरे नष्ट झाली. सुदैवाने गावच्या पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी, अर्थ लागण्याची वाट न पाहता, ती दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. पुढे डॉ. हिरानंद शास्त्री यांनी हा लेख वाचला, तो मुख्यतः या नकलेच्या आधारे.

या लेखात आहेत अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे: नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, लेखहारक! जमाखर्चाच्या वह्यांत आयुष्य वेचणाऱ्या आमच्यासारख्यांस त्या गणकाविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही. खांब यज्ञप्रसंगी उभारला असावा, असा तर्क आहे. तर्क आणि पुरावा यांतील अंतर मुलांना दाखविण्यास याहून चांगले उदाहरण कोणते?

म्हणून आम्हांस वाटते, की मुलांना संग्रहालयात नेणाऱ्याने उपाध्यायांचाच क्रम पाळावा. दहा दालनांऐवजी एकच वस्तू निवडावी, फलक वाचण्यापूर्वी तिचे चित्र काढावयास लावावे, आणि मग विचारावे: पाण्यात टिकलेले लाकूड उन्हात का बिघडले? यांतील कोणते हुद्दे आजच्या कचेरीत आढळतात? राजवाड्यात इतरही माणसे राबत असतील, त्यांची नावे येथे का नाहीत? उत्तर चुकले तरी चालेल. ते कशावरून दिले, हे मात्र मुलाने सांगितले पाहिजे.

आमच्या बदल्या होतच राहतील. परंतु ज्या मुलाने किरारीचा खांब असा डोळे भरून पाहिला, त्याच्या लेखी छत्तीसगढ हे केवळ वडिलांच्या बदलीचे गाव उरणार नाही.