बिरवाडीचा विंचू आणि हंडिगोडूची हाडे: सह्याद्रीतील दोन आजारांचा इतिहास

१/ १९७० च्या दशकाच्या मध्यास सह्याद्रीच्या कुशीत दोन ठिकाणी भातशेतीत राबणारी माणसे कोलमडत होती. महाड तालुक्यातील बिरवाडी परिसरात विंचूदंशाने. कर्नाटकातील सागर तालुक्यात, हंडिगोडू गावी, सांध्यांच्या एका अनोळखी दुखण्याने. पहिल्यावर दहा वर्षांत औषध सापडले. दुसऱ्याला केवळ नाव मिळाले. असे का झाले, याचा हा धागा.

२/ आधी महाड. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंश म्हणजे असह्य वेदना, एवढीच त्या काळची सर्वसाधारण समजूत. येथील लाल विंचवाने दंश केलेली माणसे मात्र घामाने डबडबत, हातपाय गार पडत, फुफ्फुसांत पाणी साचून काही तासांत दगावत. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून प्रत्येक लक्षण टिपून ठेवले.

३/ या नोंदींवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा पोलादपूर-महाड भागातच परतले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो. मग त्या सैल करणारी, रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिनची गोळी का देऊ नये? १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्येच मांडले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे सुमारे ३० टक्क्यांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले.

४/ आता त्याच डोंगररांगेत दक्षिणेकडे, मलनाडात. शिवमोग्गा जिल्ह्यातील हंडिगोडू आणि आसपासच्या गावांत चलवादी व चन्नंगी या दलित समाजांतील माणसांची कंबर आणि गुडघे दुखू लागत. दुखणे वाढत जाई, चाल बिघडे. काहींना अखेरीस बसून सरकत घरात वावरावे लागे. काही मुलांची वाढच खुंटे, पाठीचा कणा आखूड राही. भातलावणी हे दिवसभर कमरेत वाकून करायचे काम. ज्याची कंबर गेली, त्याची मजुरी गेली.

५/ कारण काय? पहिला संशय खेकड्यांवर गेला. नव्या भातवाणांबरोबर शेतांत कीटकनाशके आली होती आणि त्याच शेतांतले खेकडे हे गरीब मजुरांचे कालवण. विष पाण्यात, पाण्यातून खेकड्यात, खेकड्यातून माणसात, अशी ही साखळी होती. पावसाळ्यात शेताच्या बांधावरचे खेकडे धरणाऱ्या पोलादपूरच्या माणसालाही ती सहज पटली असती.

६/ या तर्काला वजनही होते. आजार नवा वाटत होता, फवारणीही नवी होती. परंतु त्याच शिवारातले खेकडे खाणारी सगळीच घरे आजारी नव्हती. दुखणे काही कुटुंबांतच ठाण मांडून होते. शेजार एक, पाणी एक, कालवण एक. आणि तरीही एका घरात तीन पिढ्या लंगडणाऱ्या तर दुसऱ्या घरात कोणीच नाही. ही बाब केवळ विषाने उलगडत नव्हती.

७/ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील भट आणि कृष्णमाचारी यांनी १९७७ मध्ये या आजाराचा साथरोगशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दिलेल्या नावाचा मराठी अर्थ होतो 'मलनाडातील प्रदेशनिष्ठ कौटुंबिक संधिवात'. 'प्रदेशनिष्ठ' हा शब्द माती-पाण्याकडे बोट दाखवतो, 'कौटुंबिक' हा रक्ताकडे. त्या वेळची सारी अनिश्चितता या दोन विशेषणांत साठलेली आहे.

८/ पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील जनुकशास्त्रज्ञ होते. डॉ. एस. एस. अगरवाल आणि डॉ. शुभा फडके यांच्यासह अनेकांनी लिहिलेला क्ष-किरण अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा: हा हाडांच्या वाढीचा आनुवंशिक विकार आहे, तो प्रभावी जनुकाने उतरतो आणि त्याची तीन रूपे आहेत. काहींची उंची सामान्य राहून खुब्याचे सांधे झिजतात, तर काहींची वाढच खुजी राहते.

९/ प्रभावी जनुक म्हणजे काय? आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष प्रत मिळाली तरी पुरे. अशा पालकाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, आजार मिळण्याची शक्यता निम्मी. मग तो याच समाजांत का? कारण लग्ने जातीच्या आत होतात. कोण्या एका पूर्वजात झालेला बदल त्याच वर्तुळात फिरत राहतो. जनुकाला जात कळत नाही, सोयरिकीला कळते.

१०/ याला एक दूरचा सोबतीही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत म्सेलेनी येथे खुब्याच्या सांध्यांचा असाच आजार १९७० मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला होता. हे दोन्ही विकार एकच तर नव्हेत ना, हा प्रश्न १९९७ च्या एका शोधनिबंधाने विचारला. दोन्हीकडे रुग्ण खेड्यांतले, उपेक्षित समाजांतले.

११/ येथे इतिहासाचा खरा पेच आहे. खेकड्यांची उपपत्ती अपुरी होती, पण तिच्यात एक गुन्हेगार होता: फवारणी. तिच्यावर बंदी मागता येत होती, भरपाई मागता येत होती. आनुवंशिकतेची उपपत्ती शास्त्रीयदृष्ट्या अधिक भक्कम, पण तिने तो गुन्हेगार काढून घेतला. कोणाची चूक नाही, म्हणून कोणाची जबाबदारीही नाही, असा सोयीचा अर्थ त्यातून काढता येतो. आणि 'यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य दलित वस्तीबद्दल उच्चारले गेले की ते निदान राहत नाही, जुना शिक्का होतो.

१२/ म्हणून बिरवाडीशी तुलना करताना सावध राहावे लागते. विंचवाचे विष बाहेरून येते. त्याच्या परिणामाला अडवणारी गोळी औषधाच्या दुकानात आधीच होती, ती ओळखणारा डॉक्टर हवा होता. हाडाच्या घडणीतला दोष जन्माआधीचा आहे. वेदनाशामके, आधार, शक्य तेथे सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, एवढेच हाती राहते. यश-अपयशाचे कारण केवळ निष्ठा नाही. मात्र एक फरक उरतो: महाडचे संशोधन रुग्णांच्या गावातच राहून झाले, हंडिगोडूचे निष्कर्ष हैदराबाद आणि लखनौहून आले.

१३/ औषध नसलेल्या रुग्णाचा आधार म्हणजे हक्क. २०१४ मध्ये गौचर आजाराच्या एका मुलाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने खर्चाचे कारण पुढे करून उपचार नाकारता येत नाहीत, असे बजावले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत खुजेपणाचाही समावेश केला. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आले, २०१८ मध्ये स्थगित झाले आणि २०२१ मध्ये नव्याने आले. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढली.

१४/ या धोरणात आजारांचे तीन गट आहेत आणि ते उपचाराच्या स्वरूपावरून पाडलेले आहेत: एकदाच करायचा, आयुष्यभराचा पण तुलनेने स्वस्त, आणि आयुष्यभराचा अतिमहाग. अस्थिमज्जारोपण करता येते म्हणून हाडे दगडासारखी घट्ट करणारा ऑस्टिओपेट्रोसिस पहिल्या गटात बसतो. ज्याला उपचारच नाही, तो आजार कोणत्या गटात बसवायचा? हंडिगोडूसारख्या गावाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

१५/ महाड-पोलादपूरच्या रुग्णासाठी या धोरणाचे केंद्र म्हणजे मुंबईत परळचे के.ई.एम. रुग्णालय, दीडशे किलोमीटरहून दूर. तेथे पोचल्यावर जनुकतज्ज्ञ जे पहिले प्रश्न विचारतात, त्यांत एक असतो: घरात आणखी कोणाला? आजोबांची कंबर कोणत्या वयात गेली, आत्या का लंगडत असे, कोणते मूल खुजे राहिले, याची उत्तरे घरातच असतात. तीन पिढ्यांची ही नावे आणि वये एका कागदावर लिहून नेणे कोणत्याही कुटुंबाला शक्य आहे. हंडिगोडूचे कोडेही अशाच वंशावळींनी सुटत गेले.